‘राजकन्या’ कुठे लिहिलंय? १६१६ च्या एका कोरीव चित्राचं वाचन

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिससाठी एक परिच्छेद लिहिला होता. विषय होता सतराव्या शतकातली छापील व्यक्तिचित्रं. उदाहरण म्हणून मी पोकाहॉन्टसचं १६१६ मधलं कोरीव चित्र घेतलं आणि ठोकून दिलं, "चित्राभोवतीच्या लॅटिन मजकुरात तिला ‘बलाढ्य राजकन्या’ म्हटलं आहे." मॅडमनी ‘राजकन्या’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि एवढंच म्हणाल्या, "हे कुठे लिहिलंय ते मला दाखव."

मी लॅपटॉपवर चित्र मोठं केलं. अजून मोठं केलं. तिथे ‘प्रिंक’ एवढीच अक्षरं होती आणि पुढे शब्द तोडल्याची खूण म्हणून दोन टिंबं. माझ्या डोळ्यांनी त्याचं परस्पर ‘प्रिन्सेस’ करून टाकलं होतं. खरा शब्द होता ‘प्रिन्किपिस’, म्हणजे ‘राजाची’. राजा म्हणजे तिचा बाप. मुलीला कुठलीच पदवी दिलेली नव्हती.

चूक लहान होती, पण ती का झाली याचा विचार करत मी पुढचे कितीतरी दिवस त्या एका चित्रापाशी अडकले. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर आज या चित्रासमोर माझ्याबरोबर थोडा वेळ बसा. लिखित कागद आपण बारकाईने वाचतो, चित्र मात्र ‘बघून’ सोडून देतो. ती सवय मोडायला यापेक्षा चांगलं चित्र मला अजून सापडलेलं नाही.

आधी नुसतं बघा

एक तरुण स्त्री, कमरेच्या वरपर्यंत दिसणारी. भोवती लंबगोल चौकट आणि त्या चौकटीच्या पट्टीवर गोल फिरणारी लॅटिन अक्षरं. डोक्यावर उंच टोपी, तिला पीस खोवलेलं. मानेभोवती लेसची ताठ, रुंद कॉलर. अंगावर वेलबुट्टीचं भारी वस्त्र. हातात शहामृगाच्या पिसांचा पंखा. शरीर किंचित वळलेलं, नजर मात्र थेट आपल्याकडे. गालाची हाडं वर आलेली, ओठ मिटलेले. हसू नाही.

आता कपडे आणि चेहरा वेगवेगळे बघा. कपड्यांमध्ये कोरणाऱ्याने जीव ओतलाय. लेसची जाळी, कापडावरची नक्षी, पिसाचा मऊपणा, प्रत्येकाला रेषांची वेगळी चाल दिली आहे. चेहऱ्यावर मात्र रेषा कमी आहेत आणि कठोर आहेत. गोड करण्याचा प्रयत्न दिसत नाही. या फरकाकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तेव्हा तो लक्षात ठेवा.

हे बनतं कसं

ही पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. मीही गाळली होती. कोरीव चित्र म्हणजे तांब्याचा गुळगुळीत पत्रा. ब्युरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने त्यात रेषा खोदायच्या. मग शाई चोळायची, वरची शाई पुसून घ्यायची, खोबणीतली तेवढी राहू द्यायची. वर ओला कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढला की खोबणीतली शाई कागदावर उतरते. चित्र पत्र्यावर असतं त्याच्या उलट छापलं जातं, त्यामुळे अक्षरंसुद्धा उलटी कोरावी लागतात.

याचे तीन परिणाम ध्यानात घ्या. एक, रंग नाही. या स्त्रीच्या त्वचेचा रंग हे चित्र सांगू शकत नाही, फक्त रेषांची दाटी सांगतं. दोन, एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघतात. म्हणजे ही दिवाणखान्यात टांगायची एकुलती वस्तू नव्हे, हातोहात फिरायचा कागद आहे. तीन, तांबं, मजुरी, कागद, दाबयंत्र या सगळ्याला आधी पैसे लागतात. म्हणून कोरीव चित्रावर बहुधा एकापेक्षा जास्त नावं असतात. इथे सायमन व्हॅन डे पासे याच्या नावापुढे ‘याने कोरलं’ या अर्थाचा तुटक लॅटिन शब्द आहे आणि कॉम्प्टन हॉलंड याच्या नावापुढे ‘याने प्रसिद्ध केलं’ या अर्थाचा.

डे पासे हा डच कोरीवकारांच्या प्रसिद्ध घराण्यातला. वडील क्रिस्पिन हे त्या कामातलं मोठं नाव. सायमनचा जन्म १५९५ च्या सुमाराचा, म्हणजे चित्रातली स्त्री आणि तिला कोरणारा जवळपास एकाच वयाचे. लंडनमध्ये तो राजघराण्यातल्या आणि दरबारातल्या माणसांची चित्रं कोरत होता, तीही याच साच्यात: लंबगोल चौकट, भोवती लॅटिन, खाली ओळख. म्हणजे चौकट तयार होती. नवीन होती ती आत बसवलेली व्यक्ती.

अक्षरं वाचताना

भोवतीच्या लॅटिनचा अर्थ असा: मटोआका उर्फ रेबेका, व्हर्जिनियाचा सम्राट, अत्यंत बलाढ्य राजा पाउहाटन याची मुलगी. चौकटीच्या आत वय २१ आणि साल १६१६. खाली इंग्रजीत हेच पुन्हा, आणि वर भर: ख्रिस्ती धर्मात आलेली, बाप्तिस्मा घेतलेली, श्रीयुत जॉन रॉल्फ यांची पत्नी.

आता काय नाही ते शोधा. ‘राजकन्या’ नाही हे मॅडमनी मला शिकवलं. पण ‘पोकाहॉन्टस’ही नाही! ज्या नावाने आपण हे चित्र शोधतो, ते नाव चित्रावर कुठेच नाही. ते तिचं लाडाचं, खट्याळ मुलीला मारावी तशी हाक असलेलं नाव होतं. मटोआका हे नाव तिच्या लोकांनी इंग्रजांपासून बराच काळ लपवून ठेवलं होतं, असं तिच्याच काळातल्या सॅम्युएल पर्चस या लेखकाने नोंदवलंय. रेबेका हे बाप्तिस्म्याचं नाव. बायबलमधली रिबका आपलं माहेर सोडून परक्या मुलखात लग्न करून जाते. नाव निवडणाऱ्यांच्या मनात काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि ‘सम्राट’? पाउहाटन हा आजच्या व्हर्जिनियाच्या किनारी भागातल्या सुमारे तीस जमातींचा प्रमुख होता. ताकदवान होता, यात शंका नाही. पण त्यांच्यात वारसा आईच्या बाजूने चाले: प्रमुखपद आधी भावांकडे, मग बहिणींकडे, मग बहिणींच्या मुलांकडे. स्वतःच्या मुलीकडे ते जाणारच नव्हतं. ही गोष्ट इंग्रजांना माहीत होती, कॅप्टन जॉन स्मिथने ती लिहूनही ठेवली होती. १६१८ मध्ये पाउहाटन वारला तेव्हा पद भावाकडेच गेलं. म्हणजे युरोपीय अर्थाने ‘राजकन्या’ म्हणावं अशी ती कधीच नव्हती.

तरी सम्राट लागत होता. १६०८ मध्ये इंग्रजांनी पाउहाटनला तांब्याचा मुकुट घालून त्याचा ‘राज्याभिषेक’ही उरकला होता. स्मिथच्या म्हणण्याप्रमाणे तो गुडघे टेकायला तयार नव्हता, शेवटी खांद्यावर दाब देऊन त्याला कसंबसं वाकवलं. सम्राट असला की त्याच्याशी तह करता येतो, त्याला आपल्या राजाचा मांडलिक म्हणता येतं. आणि त्याच्या मुलीने आपला धर्म घेतला की तो अख्ख्या देशाने घेतल्यासारखा दाखवता येतो.

पैसे कोणाचे?

चित्राबाहेरचा काळ थोडक्यात. १६०७ मध्ये व्हर्जिनिया कंपनीने जेम्सटाउनची वसाहत वसवली. १६१३ च्या एप्रिलमध्ये कॅप्टन सॅम्युएल अर्गॉलने या मुलीला फसवून जहाजावर घेतलं आणि ओलीस ठेवलं. ओलीस असतानाच तिला ख्रिस्ती धर्म शिकवला गेला, बाप्तिस्मा झाला आणि एप्रिल १६१४ मध्ये तंबाखूची लागवड करणाऱ्या जॉन रॉल्फशी लग्न. पुढच्या वर्षी मुलगा झाला, थॉमस. चित्राखालचे ‘धर्मात आलेली’ आणि ‘पत्नी’ हे दोन शब्द आता पुन्हा वाचा. त्यांच्या आधीचा ‘ओलीस’ हा शब्द तिथे नाही.

लग्नामुळे दोन्ही बाजूंत शांतता आली, पण कंपनीच्या तिजोरीत पैसा आला नाही. १६१२ पासून कंपनी लॉटरी चालवून पैसे उभे करत होती. १६१६ मध्ये भागधारकांना नफा वाटायची वेळ आली, तेव्हा रोख रकमेऐवजी व्हर्जिनियातली जमीन देऊ केली गेली. नेमक्या त्याच वर्षी जूनमध्ये सर थॉमस डेल या जोडप्याला, मुलाला आणि तिच्या डझनभर लोकांना घेऊन इंग्लंडला पोहोचला. गुंतवणूकदारांना आणि धर्मादाय देणग्या देणाऱ्यांना दाखवण्यासारखं एक माणूस कंपनीला मिळालं. १६१७ मध्ये व्हर्जिनियातल्या स्थानिक मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी इंग्लंडभर चर्चमधून वर्गणी गोळा करायचा राजाचा आदेशही निघाला.

आपल्याकडच्या वाचकांना एक दुवा इथे ओळखीचा वाटेल. तेव्हा व्हर्जिनिया कंपनीचा कारभार बघणारा सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचाही गव्हर्नर होता. (कॅप्टन जॉन स्मिथ वेगळा, गल्लत करू नका.) त्याचंही चित्र डे पासेने त्याच सुमारास कोरलंय. आणि २२ डिसेंबर १६१६ ला लंडनच्या एका चर्चमध्ये बंगालच्या किनाऱ्यावरून आणलेल्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला, त्याचं नाव ठेवलं पीटर. हे नाव खुद्द राजा जेम्सने निवडलं होतं. एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात, एकाच वर्तुळातल्या व्यापाऱ्यांभोवती एक रेबेका आणि एक पीटर. तेव्हा हे चित्र एकटं नाही. माणसाला नवं नाव देऊन आपल्या चौकटीत बसवायची जी पद्धत तयार होत होती, तिचा तो एक कागद आहे.

तेव्हाच्या माणसाला हे पटलं का?

आपण चारशे वर्षांनी शहाणपण शिकवतोय असं वाटू नये म्हणून एक साक्षीदार. जॉन चेंबरलेन हा लंडनमधला पत्र लिहिणारा गृहस्थ. फेब्रुवारी १६१७ मध्ये त्याने हे चित्र आपला मित्र, हेगमधला इंग्रज राजदूत डडली कार्लटन याला पाठवलं. सोबतच्या पत्राचा सूर कुत्सित आहे. बाई काही सुंदर नाही, असं तो म्हणतो. हा थाटमाट आणि ही लांबलचक बिरुदं बघून तुला वाटेल ही आणि तिचा नवरा कोणी मोठी असामी आहेत, पण बिचारी व्हर्जिनिया कंपनी आपल्या गरिबीतून तिच्या खर्चाला आठवड्याला चार पौंड देते, असा त्याचा एकूण मथितार्थ.

हे पत्र दुहेरी पुरावा आहे. एक, चित्र छापल्यावर लगेच फिरू लागलं होतं, टपालाने परदेशी जात होतं. दोन, चौकट, लॅटिन आणि टोपी यांचा डाव समकालीन माणसाला सहज दिसत होता. म्हणून ‘त्या काळी लोक भोळे होते, छापलेलं सगळं खरं मानायचे’ असं वाक्य तुमच्या प्रकरणात चुकूनही टाकू नका. चेंबरलेनला डाव कळला. पण त्याने हसं केलं ते कंपनीसोबत तिचंही.

मग हे चित्र म्हणजे निव्वळ जाहिरात का?

इथवर आल्यावर मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं. मी नवा परिच्छेद लिहिला: हे चित्र म्हणजे वसाहतवादी प्रचार आहे, त्यातून त्या स्त्रीबद्दल काहीच कळत नाही. मॅडमनी पुन्हा गोल केला, या वेळी ‘काहीच’ या शब्दाभोवती.

त्या बरोबर होत्या. आधी ‘राजकन्या’ म्हणून मी तिला कंपनीच्या डोळ्यांनी बघितलं. नंतर ‘प्रचार’ म्हणून चित्र बाजूला ठेवलं, तेव्हा ती पुन्हा एकदा नाहीशी झाली. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती अभ्यासू दिसते.

काय उरतं ते पाहू. वय २१: तिच्या जन्मसालाबद्दल आपल्याकडे जे मोजके आधार आहेत त्यांतला हा एक. मटोआका हे लपवलेलं नाव: कंपनीच्या कारकुनाला ते स्वप्नात दिसलं नसणार, ते तिने किंवा तिच्या जवळच्या कोणीतरी सांगितलेलं असणार. खालच्या इंग्रजी ओळीत ‘व्हर्जिनिया’च्या आधी ‘उर्फ’ लावून आणखी एक लांबलचक, अवघड नाव कोरलंय, साधारण ‘अटानोकोमुक’ असं. तिचे लोक आपल्या मुलखाला त्सेनाकोमाका म्हणत, त्याचं हे इंग्रजी कानांनी ऐकलेलं रूप मानलं जातं. म्हणजे कंपनीच्याच जाहिरातीत त्या देशाचं स्वतःचं नाव आधी आलंय आणि ‘व्हर्जिनिया’ हे त्याचं उर्फ झालंय! कोरणाऱ्याला याचं काही वाटलं नसेल. पण ती अक्षरं तांब्यावर उलटी कोरली गेली, ती कोणीतरी बोललं म्हणून.

आणि चेहरा. याच कोरीव चित्रावरून पुढे कोणीतरी तैलचित्र केलं. ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. तैलचित्रात चेहरा मऊ झालाय, कातडी उजळ झालीये, इंग्लिश वळण आलंय. नक्कल करणाऱ्याने नवऱ्याचं नावही ‘जॉन’चं ‘थॉमस’ करून टाकलंय. पुढे १८४० मध्ये अमेरिकेच्या संसदभवनात लागलेलं चॅपमनचं बाप्तिस्म्याचं भव्य चित्र आणि १९९५ चा डिस्नेचा चित्रपट या वाटेवर आणखी पुढे जातात. त्या सगळ्यांच्या तुलनेत डे पासेचा चेहरा अवघडलेला, कोरडा आणि म्हणूनच विश्वास ठेवावासा वाटणारा. ती हयात असताना केलेलं आपल्याला माहीत असलेलं हे एकमेव चित्र आहे. कपडे कंपनीला हवे तसे आहेत. चेहरा खूश करण्यासाठी कोरलेला वाटत नाही. हे माझं मत आहे, पुरावा नव्हे. तुमच्या लेखनातही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

त्या मिटलेल्या ओठांमागे काय होतं, ते चित्र सांगत नाही. जॉन स्मिथने १६२४ च्या पुस्तकात लिहिलंय, की ब्रेंटफर्डला भेट झाली तेव्हा ती आधी तोंड फिरवून गप्प बसली, आणि नंतर तुमचे लोक फार खोटं बोलतात असं सुनावलं. पण हाच स्मिथ, ज्याने तिने आपला जीव वाचवल्याची प्रसिद्ध गोष्ट १६०८ च्या आपल्या वृत्तांतात सांगितलीच नव्हती आणि तिच्या मृत्यूनंतर सविस्तर छापली. तेव्हा हे वाक्य वापरा, पण स्मिथच्या नावावर टाकून वापरा.

शेवटी एक तारीख

त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे चित्रावरचं ‘१६१६’ हे आपल्या हिशेबाने २४ मार्च १६१७ पर्यंत लांबू शकतं. चेंबरलेनचं पत्र आपण १६१७ चं म्हणतो, त्याच्या दृष्टीने ते १६१६ चंच होतं. तारखा जुळत नाहीत म्हणून पुराव्यावर संशय घेण्याआधी कॅलेंडर तपासा.

मार्चमध्ये रॉल्फ कुटुंब परतीच्या जहाजावर चढलं. थेम्स नदीच्या मुखाकडे ग्रेव्हझेंडला पोहोचेपर्यंत ती मरण पावली. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या दफन-नोंदवहीत २१ मार्चला नोंद आहे: व्हर्जिनियात जन्मलेली बाई, रेबेका. नवऱ्याचं नाव तिथे थॉमस रॉथ असं चुकीचं पडलंय. साल लिहिलंय १६१६. तेच, जे चित्रावर आहे. ते जुनं चर्च १७२७ मध्ये जळालं, नेमकी कबर कुठे ते आता सांगता येत नाही.

नोंदवहीतही ‘राजकन्या’ नाही. तो शब्द आपण आणतो: सूचीत, शीर्षकात, चित्रपटात, सिनॉप्सिसमध्ये. म्हणून चित्र हाताशी आलं की मी आता आधी अक्षरं एकेक करून उतरवून घेते, तोडलेले शब्द तोडलेलेच ठेवून. मग विचारते: कोरलं कोणी, पैसे कोणाचे, काय लिहिलं नाही, आणि हे सगळं वजा केल्यावर त्या माणसाचं काय शिल्लक राहतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि तोच गाळला जातो.

माझा सिनॉप्सिसमधला परिच्छेद आता असा आहे: "मटोआका, वय २१, व्हर्जिनिया कंपनीच्या खर्चाने लंडनमध्ये." मॅडमनी अजून तरी त्यात गोल केलेला नाही.